साक्ष, सेवा आणि नकाराचे स्वातंत्र्य

धर्मप्रचारक जेव्हा परक्या लोकांत राहून त्यांची सेवा करतो, तेव्हा त्या सेवेमागे धर्मांतराची आशा असल्यास तिचे नैतिक मोल उणावते का, हा प्रश्न सर्वच प्रचारशील धर्मांपुढे उभा राहतो. जबलपूर आणि त्याला लागून असलेल्या मंडला प्रदेशात तो प्रत्यक्ष आचरणातून आणि पुढे न्यायालयातूनही विचारला गेला आहे.

ख्रिस्ती परंपरेत ‘साक्ष देणे’ म्हणजे स्वतःला पटलेल्या सत्याची आपल्या वाणीने आणि वागण्याने ग्वाही देणे. उदाहरणार्थ, मॉर्मन पंथाचे प्रचारक १८४४ मध्येच पॅसिफिक महासागरातील तुबुआई बेटावर पोहोचले होते, आणि आजही त्या पंथाचे तरुण सुमारे दोन वर्षे बिनपगारी, जोडीजोडीने, आठवड्याचा एक दिवस कपडे धुणे, बाजारहाट व घरच्यांशी संपर्क यांसाठी राखून, उरलेला सारा वेळ अध्ययनाला, गाठीभेटींना आणि सेवेला देतात. अशा आयुष्यातील शिस्त आणि त्याग यांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र प्रचारकाने केलेला त्याग ऐकणाऱ्यावर कोणतेही ऋण लादत नाही, हे आधीच मान्य करावे लागते.

या भूमिकेचे दुसरे टोक तेव्हाच्या मंडला जिल्ह्यातील करंजिया येथे दिसते. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून आलेले इंग्रज धर्मगुरू व्हेरियर एल्विन आणि त्यांचे मराठी ख्रिस्ती सहकारी शामराव हिवाळे यांनी १९३२ मध्ये तेथे गोंड आदिवासींमध्ये वास्तव्य सुरू केले, शाळा आणि दवाखाना चालवला, कुष्ठरुग्णांची शुश्रूषा केली. परंतु गोंडांचे धर्मांतर हे आपल्या कामाचे ध्येय मानण्यास एल्विन यांनी नकार दिला आणि चर्चशी वाढत गेलेल्या मतभेदांनंतर १९३५ मध्ये ते चर्चबाहेर पडले. ज्या मुलखात औषध मिळण्याचे ठिकाण एकच असते, तेथे औषध देणाऱ्याने केलेले धर्माचे प्रामाणिक निमंत्रणही रुग्णाला टाळता येणार नाही इतके जड होऊ शकते, आणि हा विचार लक्षात घेतला म्हणजे त्या नकाराचे महत्त्व कळते.

तरीही मौनाने प्रश्न संपत नाही. ज्याला आपल्या श्रद्धेत मुक्ती दिसते, त्याने ती शेजाऱ्यापासून लपवणे हाही प्रेमाचा अभावच ठरतो, असा आक्षेप श्रद्धावान घेईल, आणि तो रास्त आहे. शिवाय एल्विन यांनी १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात बैगा आदिवासींसाठी संरक्षित क्षेत्राची कल्पना मांडली, तेव्हा समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये अशा अलगीकरणाच्या धोरणावर कठोर टीका केली. घुर्ये यांची भूमिकाही वादग्रस्त आहे, परंतु त्या वादातून एवढे स्पष्ट होते की माणसाला बदलू पाहणारा आणि त्याला आहे तसाच जपू पाहणारा, हे दोघेही त्याचा निर्णय त्याच्या वतीने घेऊन टाकू शकतात.

राज्यसंस्थेने या प्रश्नाला कायद्याचे रूप दिले. मध्य प्रदेशाच्या १९६८ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याने बळ, आमिष किंवा फसवणूक यांद्वारे होणारे धर्मांतर गुन्हा ठरवले. जबलपूरच्या उच्च न्यायालयाने तो वैध मानला, आणि १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो उचलून धरताना, राज्यघटनेच्या पंचविसाव्या अनुच्छेदातील प्रचाराचा हक्क म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे समजावून सांगण्याचा हक्क, दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा हक्क नव्हे, असा अर्थ लावला. मात्र न्यायालय कृती तपासू शकते, अंतःकरणातील अपेक्षा नाही. आणि कायद्याचा धाक अतिरेकी झाला, तर स्वेच्छेने धर्म बदलू पाहणाऱ्याचेच स्वातंत्र्य आकसते.

म्हणून प्रचारकाने स्वतःलाच लावायची कसोटी अधिक कठोर असली पाहिजे. ऐकणाऱ्याने ‘नाही’ म्हटल्यानंतरही दवाखाना, शाळा आणि मैत्री त्याच्यासाठी पूर्वीइतकीच खुली राहत असेल, तरच साक्ष आणि सेवा एकत्र नांदू शकतात. कारण नाकारता न येणाऱ्या निमंत्रणाला मिळालेला होकार श्रद्धेचा नसतो, आणि जो धर्म माणसाकडून श्रद्धाच मागतो, त्याच्या दृष्टीने अशा होकाराला काहीच किंमत उरत नाही.