परक्यांची थडगी आणि आपला भाऊ

 

निष्काम सेवा म्हणजे नक्की काय, यावर आपल्या ग्रुपमध्ये पुष्कळदा बोलणं होतं. मनात आपलं माणूस ठेवून केलेली सेवा ती कमी दर्जाची, असं बरेच जण म्हणतात. मला हे पटत नाही. का, ते एका लांबच्या गावाच्या निमित्ताने सांगते.

स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात, स्पे नदीच्या काठी किंग्यूसी नावाचं छोटं गाव आहे. नावाचा अर्थ पाइनच्या रानाचं टोक. नदीपलीकडच्या टेकाडावर रुथव्हेनच्या पडक्या बराकी उभ्या आहेत. डोंगरातल्या लोकांना वचकात ठेवायला सरकारने त्या बांधल्या आणि १७४६ साली बंडखोरांनी त्या जाळल्या. प्रवासी फोटो काढतात ते तिथले. पण याच गावच्या दफनभूमीत नऊ हिंदी सैनिकांची थडगी आहेत, आणि मला सांगायचं आहे ते त्यांच्याबद्दल.

हे शिपाई लढवय्ये नव्हते, खेचरं हाकणारे होते. ब्रिटिश सैन्यात तोवर सगळी मोटारगाड्यांची चलती. चिखलाबर्फात जनावरंच कामी येतात, म्हणून १९३९ च्या डिसेंबरात हिंदुस्थानातून खेचरांच्या तुकड्या फ्रान्सला गेल्या. माणसं बहुतेक पंजाबी आणि पठाण मुसलमान. १९४० मध्ये जर्मनांनी फ्रान्स घेतलं तेव्हा एक तुकडी कैद झाली, बाकीचे कसेबसे ब्रिटनला पोचले. पुढे त्यांना डोंगरी युद्धाच्या सरावासाठी स्कॉटलंडमध्ये ठेवलं. नऊ जण तिथेच गेले. लढाईत नव्हे. त्या थंडीत, घरापासून इतक्या दूर. त्या काळच्या नियमाने सैनिकाचा देह मायदेशी पाठवत नसत, जिथे मरण तिथेच माती.

गावोगावच्या युद्धस्मारकांवर त्या त्या गावच्या मुलांची नावं असतात. त्यांच्यापुढे फूल ठेवायला आई असते, बहीण असते. या नऊ जणांचं तिथे कोण होतं?

गावातल्याच एका बाईंनी कित्येक दशकं या थडग्यांची देखभाल केली. त्यांचा स्वतःचा भाऊ त्याच युद्धात गेला, त्यालाही परदेशात पुरलं. त्याच्या थडग्याकडेही कोणीतरी बघत असेल, ही आशा त्यांच्या मनात होती.

आता यावर कोणी म्हणेल, बघा, अपेक्षा आलीच! मी इथे बघ, तू तिथे बघ, हा तर हिशेब झाला. पण हिशेबाला समोर दुसरा माणूस लागतो. त्या बाईंचा समोरचा कोण? भावाच्या थडग्याजवळ राहणाऱ्यांना किंग्यूसी माहीत नव्हतं. इकडे फूल ठेवलं म्हणून तिकडे गवत निघेल, असंही काही नाही. त्या नऊ जणांच्या घरच्यांकडून आभाराचं पत्र येईल, असाही भरवसा नाही. ज्या अपेक्षेची वसुलीच होऊ शकत नाही, तिला सकाम कसं म्हणायचं?

आणि भावाची माया त्यांनी आधी मनातून पुसून टाकली असती, तर त्या दफनभूमीत गेल्या असत्या का? मला नाही वाटत. मोह सोडा म्हणताना आपण कधीकधी माणसाला कोरडं करून टाकतो. (हे मी आपल्याच घरांत पाहिलंय, म्हणून थोडं परखड लिहिते.)

आपल्याकडेही तर्पण करताना नात्यातल्या पितरांबरोबर ज्यांचं कोणी नाही त्यांनाही पाणी देतात. पण सुरुवात होते ती आपल्या वडील-आजोबांपासूनच.

बेळगावच्या मंडळींना मराठा रेजिमेंट वेगळी सांगायला नको. रायगडकडचे यशवंत घाडगे १९४४ च्या जुलैत इटलीत लढताना पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. २०२३ साली तिथल्या मोंतोने गावात त्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं, सूर्यघड्याळाच्या रूपात. मराठीचा एक शब्द न जाणणारी माणसं आता रोज त्यावरून सावली सरकताना बघतात.