जुन्या होडीचा जीर्णोद्धार

देवालयाची भिंत खचली तर ती नवी बांधावी, शिखर भंगले तर पुन्हा उभारावे, यात कोणास संशय येत नाही. परंतु धक्क्यावर पालथी पडलेली जुनी लाकडी होडी दुरुस्त करावी की नाही, हा प्रश्न तितका सोपा नाही. गोव्यात कुंभारजुव्यास गणेशविसर्जनाच्या वेळी दोन होड्या शेजारी बांधून त्यांवर मंच उभारतात आणि त्या सांगोडावरून मूर्ती नेतात. (आपण नित्य 'सांगड घालतो', ती मुळात अशाच जोडहोड्यांची.) ज्या होडीने अशी सेवा केली, ती धन्याच्या एकट्याच्या मर्जीची राहत नाही, असे आम्हांस वाटते.

अथेन्सवासी थीसियसच्या नौकेच्या कुजलेल्या फळ्या एकेक करून बदलीत गेले. मग ती नौका तीच की दुसरी, हा तत्त्वज्ञांचा वाद प्लूटार्कने नोंदविला आहे. आपल्या होडीस हा दृष्टान्त अर्धाच लागू पडतो. ती नौका फळ्यांची होती. आपली जुनी होडी बहुधा आंब्याच्या एकाच बुंध्यातून कोरलेली असते आणि वरच्या फळ्या तेवढ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असतात. शिवण उसवून नवी घालता येते, फळी बदलता येते, वल्हे तर दर काही वर्षांनी बदलतेच. बुंधा मात्र बदलता येत नाही. तेव्हा निर्णय आमच्या-तुमच्या भावनेने नव्हे, तर सुताराच्या सुरीने व्हावयास हवा. टोक लाकडात सहज रुतले, तर तळ गेला.

येथेच मोह उत्पन्न होतो. कुजक्या तळावर फायबरचा लेप चढविला की होडी बाहेरून लखलखते. आत कोंडलेली ओल मात्र लाकूड खातच राहते. हे केवळ वाईट काम नव्हे, असत्य आहे. आणि उद्या त्या असत्यावर पोरेबाळे बसावयाची आहेत.

कोणी म्हणेल, मग छपराखाली स्मारक म्हणून ठेवावी. ठेवावी खुशाल, पण पाण्याला सरावलेले लाकूड कोरडे पडले की तडकते. पुरीस १९९६ व २०१५ साली नवकलेवर झाले, तेव्हा जुन्या दारुमूर्ती कोइली वैकुंठात भूमीत ठेवल्या गेल्या. जेथे देवमूर्तीचे काष्ठही जीर्ण होते हे मान्य केले आहे, तेथे होडीविषयी हट्ट कशाचा?

तथापि निरोप देण्यापूर्वी एक करणे अगत्याचे आहे. या होड्यांचे नकाशे कोणी काढले नाहीत. होडी हाच नकाशा. २०२५ साली नौदलात दाखल झालेली 'कौंडिण्य' ही शिवलेली नौका अजिंठ्याच्या चित्रावरून बांधावी लागली, कारण मोजावयास त्या काळची नौका उरली नव्हती. शिवणारे हात तेवढे केरळात सुदैवाने होते. म्हणून दुरुस्ती असो वा नवी बांधणी, जाणत्या कारागिराच्या हाताखाली गावचे दोन तरुण बसवूनच कामास आरंभ करावा. आणि तळ गेलेलाच ठरला, तर त्याच मापाची नवी होडी पाण्यात उतरेपर्यंत जुनी जागची हलवू नये.