मागच्याने सांभाळायचे

माणूस डोंगर कशासाठी चढतो, या प्रश्नावर थोर गिर्यारोहकांनी भरपूर चिंतन करून ठेवले आहे. तो खाली कशासाठी उतरतो, यावर मात्र कोणी फारसे लिहिलेले माझ्या वाचनात नाही. बहुधा सगळ्यांनी असे धरूनच चालले असावे, की वर गेलाय ना, मग येईल जेवायच्या वेळेपर्यंत खाली. आम्हा कॉमर्सवाल्यांना यात नवल वाटत नाही. जितके नावे तितके जमा, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवलेले असते.

आल्प्सच्या अंगाखांद्यावर राहणाऱ्या लोकांनी मात्र या उतरण्याचाच मोठा व्यवहार करून ठेवला आहे. हिवाळ्यात ती मंडळी घसरगाडीवर बसून बर्फावरून खाली येतात, हे आपण कॅलेंडरच्या चित्रांत पाहिलेले असते. पण उन्हाळ्यात बर्फ वितळतो, गवत उगवते, आणि माणसांना डोंगरावर नेणारे पाळणे रिकामे लोंबकळत राहतात. भांडवल अडकलेले आणि उत्पन्न बंद, ही अवस्था कोणत्याही देशातल्या माणसाला बघवत नाही. १९७०च्या दशकात तिकडच्या उतारांवर लांबच लांब पन्हळी बसू लागल्या. आपल्या कौलांखाली पन्हळ असते ना, तशीच, फक्त माणूस मावेल एवढी रुंद आणि डोंगर वळेल तशी वळत गेलेली. तिच्यात चाकांची एक छोटी गाडी, गाडीवर एक माणूस, आणि खाली गाव. जर्मन भाषेत याला रोडेलबान म्हणतात. पुढे याची दुसरी जात निघाली. तिच्यात पन्हळीऐवजी लोखंडी रूळ असतात आणि गाडी त्या रुळांना अशी जखडलेली असते की ठरवूनही बाहेर पडता येत नाही. तिला अल्पाइन कोस्टर म्हणतात. ऑस्ट्रियात इम्स्ट नावाच्या गावाजवळचा कोस्टर साडेतीन किलोमीटर लांब आहे आणि तेवढ्यात तो माणसाला सुमारे ५०० मीटर खाली आणून सोडतो.

मराठीत या सगळ्याला घसरगुंडी म्हणतात. पण आपल्या बागेतल्या घसरगुंडीत आणि या घसरगुंडीत एक मोठा फरक आहे. बागेतल्या घसरगुंडीला ब्रेक नसतो. ब्रेकचे काम आपली चड्डी करते आणि त्याची शिक्षा आई करते. इथे गाडीला एक दांडा असतो. दांडा पुढे ढकलला की गाडी सुटते, मागे ओढला की थांबते. इंजिन नाही, ड्रायव्हर नाही, शिट्टी वाजवणारा कंडक्टर नाही. जत्रेतल्या आकाशपाळण्यात आपण फक्त ओरडायचे असते, बाकीचे तो खालचा विडी ओढणारा माणूस पाहतो. इथे ओरडायचेही आपण आणि पाहायचेही आपण.

आता तुम्ही म्हणाल, त्यात तत्त्वज्ञान कुठे आले? तर ते त्या दांड्यात आहे. दांडा तुमच्या हातात दिला, म्हणजे जबाबदारी तुमची झाली का? आणि झाली असेल, तर कोणाकोणाची झाली?

हा प्रश्न मला दोन वर्षांपूर्वी जून महिन्यात स्वित्झर्लंडमध्ये पडला. (एक मुदतठेव मुदतीपूर्वी मोडून आम्ही हा प्रवास केला. दंडाचे व्याज माझे मीच कापून घेतले. स्वतःच्या खात्यावर दंड लावताना कारकुनाच्या हाताला जो कंप सुटतो, तो निराळ्या निबंधाचा विषय आहे.) लुसर्न शहराजवळ पिलाटुस नावाचा डोंगर आहे. त्याच्या मधल्या टप्प्यावर, फ्रेकम्युंटेग येथे, १,३५० मीटर लांबीची पन्हळ आहे. आमच्या सहलीला तिथे दोन तास मोकळे मिळाले होते. मोकळा वेळ मिळाला की मराठी माणूस प्रथम चिवड्याची पिशवी सोडतो. ती संपल्यावर माझी चौदा वर्षांची मुलगी म्हणाली, "बाबा, ते बघ!" आणि माझे शहात्तर वर्षांचे वडील म्हणाले, "तिकीट केवढ्याचं आहे?"

अण्णांनी तिकीट विचारले म्हणजे ते यायला तयार आहेत, हे आमच्या घरात सगळ्यांना कळते. बायको म्हणाली, "तुम्ही तिघे जा, मी पर्सा सांभाळते." जगात जिथे जिथे कोणी घसरत असते, तिथे तिथे कोणीतरी पर्सा सांभाळत उभे असते, आणि त्या कोणीतरीला तिकीट नसल्याने तिची कुठे मोजदाद होत नाही. असो.

पुढे अण्णा, मध्ये मी, मागे मुलगी, असे आम्ही सुटलो. अण्णांनी चौतीस वर्षे सरकारी नोकरी केली आहे. त्यांनी डोक्याला माकडटोपी घातली, दांडा दोन्ही हातांनी धरला आणि पुढच्या वाटेवर तो बहुतेक वेळ मागेच ओढून ठेवला. वरात देवळाच्या वळणावर ज्या वेगाने जाते, त्या वेगाने अण्णा स्वित्झर्लंड उतरू लागले. अंतर राखायचे म्हणून मी दांडा मागे ओढला. माझ्यामागे मुलीनेही ओढला आणि ओरडली, "बाबा, चल ना!" तिच्यामागे एक परदेशी तरुण होता. तो काही बोलला नाही, पण न बोलण्यालाही एक आवाज असतो. एका वळणावर खालचे कुरण आणि गळ्यात घंटा बांधलेल्या गाई दिसल्या. तिथे अण्णांचा वेग जवळजवळ शून्यावर आला. त्यांनी एक हात सोडून कपाळावर धरला आणि गाई मोजल्या.

खाली आल्यावर मुलगी म्हणाली, "आजोबा, मागे केवढी रांग लागली होती!"

अण्णा म्हणाले, "लागू दे की. मागे बघून गाडी हाकू नये."

तुम्ही हसाल, पण कायदा अण्णांच्या बाजूने आहे. या खेळाचा ठिकठिकाणी लिहिलेला नियम असा, की पुढच्या गाडीपासून अंतर मागच्याने ठेवायचे, साधारण पंचवीस मीटर. पुढच्याने मध्येच थांबू नये, एवढे बंधन त्याच्यावर आहे. हळू जाऊ नये, असे नाही. मुलीचा मुद्दाही खोटा नव्हता. तिकीट चौघांचे सारखेच. अण्णांनी आपल्या तिकिटात हवा तेवढा वेग घेतला, आणि उरलेल्या तिघांना विचारल्याशिवाय तोच दिला. हिशेबाला बसलो तर तीन माणसांचा वेग अण्णांच्या नावे निघतो. मग त्याची वसुली का करू नये?

मी यावर परतीच्या बसमध्ये पुष्कळ विचार केला. माझ्या रोजच्या जागेवरून हा देखावा मी हजार वेळा पाहिला आहे, म्हणून तो तिथे बसवून पाहिला. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनर मंडळी येतात. एक आजोबा पैसे घेतात, चष्मा बदलतात, बोट ओले करतात आणि नोटा मोजतात. मग पुन्हा मोजतात, कारण पहिल्या वेळी बरोबर भरल्या हा योगायोगही असू शकतो. मागच्या रांगेतून च् च् असे पालीसारखे आवाज येऊ लागतात. पण त्या आजोबांच्या डोक्यावर बँकेनेच पाटी लावलेली असते, की काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत, नंतर तक्रार चालणार नाही. म्हणजे हळू जाण्याचा हुकूम वरूनच आहे. च् च् मात्र त्या आजोबांना ऐकावे लागते.

मला वाटते, मागच्याने सांभाळायचे या नियमामागे वयाचा मान नाही आणि दयाही नाही. मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही, एवढीच साधी गोष्ट आहे. ज्याला दिसते, त्याच्या गळ्यात ओझे अधिक. हे अन्यायाचे वाटते खरे. पण ओझे न दिसणाऱ्याच्या गळ्यात घालून पाहा, म्हणजे अन्याय कशाला म्हणतात ते कळेल.

ते घालून पाहिलेले आहे. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यात व्हर्नन नावाच्या गावी १९७६ साली अशीच पन्हळ बसली. पुढे तिच्याभोवती अ‍ॅक्शन पार्क नावाचे करमणुकीचे मोठे उद्यान उभे राहिले. त्या उद्यानाचे वैशिष्ट्यच असे सांगितले जाई, की इथे पाहुणा स्वतःचा मालक आहे. किती जोरात जायचे, कुठून उडी मारायची, ते ज्याचे त्याने ठरवावे. ऐकायला फार गोड आहे. पण तिथल्या पन्हळीवरच्या गाड्यांचे ब्रेक धड लागत नसत, असे त्या काळच्या कामगारांनीच पुढे सांगितले. गाडी एक तर गोगलगाय, नाहीतर तोफेचा गोळा. १९८० साली एकोणीस वर्षांच्या एका तरुणाची गाडी पन्हळीबाहेर गेली, डोके दगडावर आपटले आणि तो गेला. उद्यान त्यानंतरही बरीच वर्षे चालले. ते बंद झाले १९९६ साली.

दांडा त्या मुलाच्याही हातात होता. पण वळण कुठे आहे, दगड कुठे आहेत आणि ब्रेक किती लागतो, हे पन्हळ चालवणाऱ्यांना दिसत होते. ज्याला दिसते त्याने 'तुमचे तुम्ही ठरवा' म्हणायचे, हे स्वातंत्र्य देणे नव्हे. याला आमच्याकडे खाते वर्ग करणे म्हणतात. येणे आपले, देणे दुसऱ्याचे.

मला या गोष्टीचा राग जरा जास्त येतो, कारण असलेच दांडे वाटण्याची मला पगारी सवय आहे. कर्जाचा अर्ज बारीक टाइपात वीस पानी असतो. शेवटी लिहिलेले असते, 'वरील सर्व अटी मी वाचल्या असून मला समजल्या आहेत.' सही कुठे करायची तिथे आम्ही पेन्सिलीने फुल्या मारून ठेवतो. आजवर एकाही गिऱ्हाइकाने अटी वाचलेल्या मी पाहिल्या नाहीत. फुल्या मात्र सगळे वाचतात. सही झाली की दांडा त्यांच्या हातात गेला. पुढे वळण आले आणि गाडी उलटली, तर सही दाखवायची. मी आपला निदान दंडाचे आणि हप्ता चुकल्याचे कलम मोठ्याने वाचून दाखवतो, आणि समोरच्याने विचारले तर पुन्हा वाचतो. त्यामुळे माझ्या खिडकीपुढे रांग सर्वांत लांब असते. आमच्या साहेबांनी त्याबद्दल माझ्या वार्षिक अहवालात 'कामाचा वेग सरासरीहून कमी' असे लिहिले आहे. आडनावाबरोबर अण्णांकडून हाही वारसा मिळाला, असे बायको म्हणते.

सगळ्याच पन्हळीवाल्यांना एका मापाने मोजू नये, हेही सांगितले पाहिजे. रुळांवरच्या कोस्टरच्या गाडीत हातातल्या दांड्याशिवाय आणखी एक ब्रेक असतो. त्याला कोणी हात लावत नाही आणि तो दिसतही नाही. गाडीचा वेग वाढला की आत फिरणारी वजने बाहेर फेकली जातात, घासतात आणि गाडीला आवरतात. जितका वेग, तितके घासणे. ताशी चाळीस किलोमीटरच्या आसपास गाडी आपोआप शहाणी होते. आमच्या सहलीतल्या एका गृहस्थांनी ऑस्ट्रियात असा कोस्टर केला होता. "एकदाही ब्रेक लावला नाही, साहेब!" असे ते नाश्त्याला रोज सांगत. त्यांनी लावला नाही हे खरे, पण लागला होता. त्यांच्यासारखा कोणीतरी येणार, हे एका इंजिनिअरने कागदावरच ओळखले होते आणि तो त्यांना सांगायलाही आला नाही. गृहस्थांची छाती चाळीस किलोमीटरपर्यंत फुगलेली राहिली. ती मीही फोडली नाही. इंजिनिअरला चालले, तर मला चालायला काय हरकत आहे?

पोर्तुगालच्या मडेरा बेटावरची तऱ्हा तर याहून निराळी. तिथे प्रवाशाला दांडाच देत नाहीत. फुंशालजवळ मोंते नावाची टेकडी आहे. तिच्यावरून वेताची टोपली, खाली लाकडी पट्ट्या, आणि आत दोन माणसे अशी घसरगाडी चालू रस्त्यावरून सुमारे दोन किलोमीटर खाली येते. एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे. मागे पांढरे कपडे आणि गवती टोपी घातलेले दोन जण असतात. ते दोरांनी गाडी वळवतात आणि रबरी तळाचे बूट रस्त्यावर घासून ती थांबवतात. बसणाऱ्याने काही ठरवायचे नाही. बघणारे मागे, सांभाळणारेही मागे.

मुलीने याचे फोटो शोधून अण्णांना दाखवले. तिला वाटले, ब्रेकचे काम दुसऱ्याकडे म्हटल्यावर आजोबा खूश होतील. अण्णांनी चष्मा वर सरकवून फोटो बराच वेळ पाहिला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण बूट किती दिवस टिकत असतील गं? आणि नवे कोण घेऊन देतं, मालक की ह्यांचे हेच?"