दशांश

दिग्रसला एक पोरगा होता. जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या खाली करायचा आणि रविवारी न चुकता उपासनेला जायचा. मंडळी लहान, पंधरा-वीस घरांची. पत्र्याच्या एका खोलीत प्रार्थना होई आणि दानाचा हिशेब एका मावशींकडे असे. मावशींचं तरुणपण यवतमाळला युनियन बिब्लिकल सेमिनरीच्या स्वयंपाकघरात गेलं होतं. १९८३ साली ती सेमिनरी पुण्याला गेली आणि मावशी दिग्रसला लेकीकडे आल्या. पोळ्या लाटता लाटता त्यांनी पाळक होऊ घातलेल्या पोरांचे इतके वाद ऐकले होते, की शास्त्रातलं वचन काढून त्यांना गप्प करणं सोपं नव्हतं.

पोरगा आधी मोबाइलवर रमी खेळायचा. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला, तसा तो रमीवरून उठला आणि सट्टापट्टीवर, म्हणजे मटक्याच्या आकड्यांवर, जाऊन बसला. इकडे पोळ्याला तर एक्का-बादशहाचे डाव झाडाखाली पडतातच, त्याचं कोणाला फारसं नवल नाही. पण पट्टी बारमाही.

सुगीच्या उपकारस्तुतीचा रविवार आला. टेबलावर सोयाबीनची टोपली, तुरीच्या शेंगा, कापसाची फुटलेली बोंडं आणि कोणीतरी आणलेला भलामोठा कोहळा. उपासना संपल्यावर पोरानं मावशींपुढे पाकीट ठेवलं. आत साडेचारशे रुपये.

"दशांश हाय, मावशी. पन्नासाची जोडी लागली. साडेचार हजार आले."

मावशींनी पावतीपुस्तक मिटलं. "कोणाचे हायेत हे?"

"माझेच."

"पन्नास तुझे. बाकीचे इचारते मी."

पोरगा तयारीनं आला होता. म्हणाला, दहा आज्ञांत जुगार खेळू नको असं कुठं लिहिलंय? यहूदाच्या जागी मत्थियाला निवडताना प्रेषितांनी चिठ्ठ्याच टाकल्या. आणि सरकार? मुंबईचा जुगारबंदीचा कायदा १८८७ चा, पण १९६९ पासून सरकार स्वतः लॉटरी विकतं. शिवाय शेती म्हणजे तरी काय? पावसावर लावलेला पैसाच.

त्याचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. ख्रिस्ती लोकांतही या बाबतीत एकमत नाही. मेथडिस्टांनी जुगाराला पहिल्यापासून दार लावलं. कॅथलिक धर्मशिक्षण खेळालाच पाप म्हणत नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या गरजेचा पैसा त्यात गेला, तर मात्र ते चालत नाही. म्हणून मुंबई-वसईकडे चर्चच्या मेळ्यात हाऊजीचे आकडे पुकारले तरी कोणाची झोप उडत नाही. माझ्या मते कॅथलिकांची ही अट ऐकायला सैल आहे, पण दिग्रसच्या पट्टीला लावून पाहिली तर मेथडिस्टांइतकीच कडक निघते. तिथे चैनीचा पैसा लावणारा माणूस शोधावा लागतो.

मावशी म्हणाल्या, "मत्थियासाठी चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा पैसे कोणी लावले होते? कोणाचं काय गेलं? तुझ्या पट्टीसारख्या चिठ्ठ्या वधस्तंभाखाली पडल्या. शिपाई खाली कपडे वाटून घेऊन राह्यले अन् ज्याचे कपडे तो वर लटकलेला. त्याच्याकडं मान वर करून कोणी पाह्यलं का?"

"अन् शेती?"

"माझ्या वावरात कापूस पिकला म्हणून तुझ्या वावरातला जळत नाई. तुझी जोडी लागाची तर बाकीच्यांची बुडालीच पाह्यजे. लावायच्या आधी प्रार्थना केली होती ना तू?"

पोरगा गप्प. केली होती.

"म्हणजे देवाजवळ तू काय मागितलं? शेजाऱ्याचं बुडू दे. त्याच्यावर आपल्यासारखी प्रीती करा म्हणून सांगितलं, त्याच येशूच्या नावानं."

मग त्यांनी टोपलीतले सोयाबीनचे दाणे टेबलावर ओतले आणि दहा-दहाचे दहा ढीग केले. जोड्या शंभर, ०० ते ९९. शंभर माणसांनी वेगवेगळ्या जोडीवर एकेक रुपया लावला तर एकाला नव्वद मिळतात. मावशींनी नऊ ढीग पोराकडे सरकवले आणि उरलेल्या ढिगावर बोट ठेवलं.

"हे कोणाकडं गेले?"

"खायवाल्याकडं."

"शंभरातले दहा. दशांश तर तू तिकडंच देऊन आला, बाबू. आता ज्यांचे हे दाणे हायेत त्यांना इचारून ये. खुशीनं दिले म्हणाले, तर मी पावती फाडते."

(या हिशेबाला कापसाचा जुना वास आहे. मुंबईत आधी न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या उघडत्या आणि बंद भावावर आकडा लावत. ते भाव मिळेनासे झाले तेव्हा १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांचा मटका उभा राहिला. ओपन आणि क्लोज हे शब्द तेवढे मागे उरले. कापूस पिकवणाऱ्यांना त्या आकड्यांतून काय मिळालं, ते इथल्या कोणत्याही वावरात जाऊन पाहावं.)

पोरगा संध्याकाळी टपरीवर गेला. पट्टी लिहिणारा हसला, पण काल कोण कोण बुडालं ते त्यानं सांगितलं; त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटत नव्हतं. एक ऑटोवाला निघाला, एक चहावाल्याकडचा पोरगा. तिसरा निघाला पोराच्याच गल्लीतला शेजारी.

शेजारी ओट्यावर बसला होता. त्याची बायको वेचणीवरून नुकतीच आली होती. बोंडाच्या टोकांनी तिची बोटं नखांजवळ चिरली होती आणि त्यांवर ती खोबरेल लावत होती. किलोला दहा रुपये, दिवसाला वीसेक किलो. शनिवारचे दोनशे नवऱ्यानं स्वप्नात आलेल्या आकड्यावर लावले होते.

"भाऊ, काल गेले ते खुशीनं दिले होते का?"

"खुशीनं कोण हारते बे?" शेजारी पुढे सरकला. "तुझी लागली म्हणे. दोनशे दे ना. आज जोडी पक्की हाय."

पोरानं खिशात हात घातला. दोनशे काढले, क्षणभर थांबला आणि वळून वहिनीच्या हातात दिले.

"कायचे?"

"तुमचेच हायेत. कालच्या वेचणीचे."

नवरा ओट्यावरून उठला. वहिनीनं नोटा पदराला बांधल्या आणि तेलाची बाटली घेऊन आत गेली.

पुढच्या रविवारी पोरानं टेबलावर चाळीस रुपये ठेवले. एका दिवसाच्या चारशेच्या हमालीचे. मावशींनी पावती फाडली. पोरगा तिथेच रेंगाळला.

"मावशी, तिघांचंच देणं झालं. बाकीचे मालक सापडत नाईत. बरेच पैसे उरले."

"सापडतील. टपरीवर रोज तेच लोक येतात."

"सगळेच फेडाचे?"

"जकातदार जक्कयानं चौपट फेडायचं कबूल केलं होतं," मावशी पावतीपुस्तक पिशवीत टाकत म्हणाल्या, "तुले तर मी एकपटच सांगून राह्यली."