दोन दारांचं घर

जुन्या पेठेत किंवा गावठाणात वाडा उतरवला की वाटणी बहुधा एकाच तऱ्हेने होते. रस्त्यालगतचा भाग एका भावाकडे जातो. तिथे खाली दुकानं निघतात, वर बिऱ्हाडं चढतात. मागचा भाग, म्हणजे जुना परस, विहीर आणि गोठ्याची जागा, दुसऱ्याच्या वाट्याला येतो आणि त्याला रस्त्यापर्यंत पोचायला एक बोळ सोडला जातो. वाई, सातारा, सांगली, नाशिकचा जुना भाग, पुण्याच्या पेठा, सगळीकडे असे मागचे तुकडे आहेत. त्यावर आता आजी-आजोबा, मुलगा-सून आणि नातवंडं अशा तीन पिढ्यांचं नवं घर बांधायचं ठरतं, तेव्हा बोलणं खोल्यांपासून सुरू होतं: खाली हॉल आणि किचन, वर तीन बेडरूम, देवघर कुठे, गाडी कुठे. मला हा हिशेब उलटा वाटतो. अशा जागेवर खरी टंचाई चौरस फुटांची नसते, कारण वर एक मजला चढवला की ते मिळतात. टंचाई असते उजेडाची आणि माणसामाणसांतल्या अंतराची, आणि या दोन्ही गोष्टी मागाहून वाढवता येत नाहीत. म्हणून तीन पिढ्यांना एकत्र राहायचं असेल, तर आधी अंतर आखावं आणि उरलेल्या जागेत खोल्या बसवाव्यात.

यावर पहिला आक्षेप भावनेचा असतो. अंतरच हवं तर एकत्र कशाला राहायचं? पूर्वी वीस-वीस माणसं एका चुलीवर जेवत होती, त्यांना कुठे दुसरा दरवाजा लागला? या आठवणीला शास्त्राचा आधारही आहे असं वाटू शकतं. इरावती कर्वे यांनी १९५३ च्या ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ या ग्रंथात एकत्र कुटुंबाची जी लक्षणं सांगितली, त्यांत एक छप्पर आणि एका चुलीवरचं अन्न ही अगदी पहिली येतात. सामाईक मालमत्ता आणि सामाईक कुलाचार त्यांच्या जोडीला. पण पुढच्या अभ्यासकांनी हीच बाजू तपासून पाहिली. आय. पी. देसाई यांनी सौराष्ट्रातल्या महुवा गावचा अभ्यास १९६४ मध्ये पुस्तकरूपाने मांडला. घरं वेगळी आणि चुली वेगळ्या असूनही मालमत्ता, जबाबदाऱ्या आणि अडीअडचणीचा आधार यांनी बांधलेली कुटुंबं त्यांना दिसली, आणि एकत्रपणा छपरावर मोजणं पुरेसं नाही असं त्यांनी दाखवून दिलं. ए. एम. शहा यांनी १९७३ मध्ये आणखी पुढे जाऊन, भरलेली मोठी घरं हा जुन्या काळाचा सरसकट नियम होता या समजुतीलाच हरकत घेतली. तेव्हा दोन चुली झाल्या म्हणजे कुटुंब मोडलं, हा निष्कर्ष घाईचा ठरतो. उलट कुरबूर होते ती बऱ्याचदा चुलीवरच: पहाटे पाचचा चहा कुणाचा, रात्री अकराचं जेवण कुणाचं, फोडणीत तिखट किती. ही भांडणं तत्त्वाची नसतात, वेळापत्रकाची असतात. एका ओट्यावर तीन वेळापत्रकं चालवण्याचा हट्ट सोडला तर त्यातली निम्मी उद्भवणारच नाहीत.

वाड्यातही अंतर होतंच. देवडी, ओसरी, सोपा, माजघर, स्वयंपाकघर, परस या क्रमात बाहेरच्या माणसाने कुठवर यायचं हे न सांगता ठरलेलं असे आणि मधला चौक घराला दोन बाजूंनी मोकळा श्वास देई. पण ते अंतर वाटलं कसं होतं, हेही पाहायला हवं. पुरुषांना ओसरी आणि सोपा म्हणजे उजेड, वारा आणि येणारा-जाणारा. बायकांना माजघर, जिथे भर दुपारी दिवा लावावा लागे. वाड्याच्या आठवणी काढणाऱ्यांनी माजघरात किती वेळ काढला होता, असा प्रश्न मला नेहमी पडतो. वाड्याकडून घ्यायचा तो चौक. त्याभोवतीची उतरंड घ्यायची नाही.

आता प्रत्यक्ष जागेकडे येऊ. समजा प्लॉट २५ फूट रुंद आणि ६० फूट लांब आहे, लांबी दक्षिणोत्तर, आणि दक्षिणेकडून ८ फुटी बोळ एका कोपऱ्यात येऊन मिळतो. पूर्वेला आणि पश्चिमेला शेजाऱ्यांच्या भिंती, दक्षिणेला रस्त्यावरच्या इमारतीची पाठ. गावठाणात सामासिक अंतराच्या अटी सैल असतात, त्यामुळे बाजूच्या हद्दीपर्यंत बांधण्याचा मोह होतो. मग हद्दीवरच्या भिंतीला खिडकी काढता येत नाही आणि सगळा उजेड पुढून-मागून किंवा वरून आणावा लागतो. नेहमीचा उपाय म्हणजे पूर्ण प्लॉटवर दोन मजली ठोकळा आणि जिन्यावर एक काच. त्याऐवजी जागा तीन पट्ट्यांत पाहावी: दक्षिणेला १८ फूट खोलीचा बैठा भाग, मग १० फुटांचा उघडा चौक, मग २६ फूट खोलीचा दुमजली भाग, आणि अगदी मागे ६ फूट मोकळे. हा क्रम नुसत्या आवडीचा नाही. पुणे-सातारा पट्टा साधारण साडेसतरा ते साडेअठरा अक्षांशांवर येतो, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारचा सूर्य क्षितिजापासून ४८-४९ अंशांवर असतो. दक्षिणेकडची इमारत हद्दीला चिकटून ३५ फूट उंच उभी असली, तरी बैठा भाग आणि चौक मिळून २८ फुटांची मोकळीक मधे राहते आणि उत्तरेच्या भिंतीवर जमिनीपासून तीन-चार फुटांपर्यंत ऊन उतरतं. हाच बैठा भाग दुमजली केला आणि वर गच्चीचा कठडा चढवला, तर हिवाळ्याचं ऊन वरच्या मजल्याच्या भिंतीवरच अडेल आणि तळमजला थंडीभर ओलसर राहील. मे महिन्याच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य अगदी डोक्यावर येतो, तेव्हा दुपारचं ऊन थेट चौकाच्या फरशीवर पडतं. त्याला तीन फुटांची पडवी आणि एखादी वेल पुरते. मृगाच्या सरींना मात्र चौकाचा उतार आणि पाइप पायाभरणीच्या आधीच ठरवलेला हवा, कारण पाणी बैठ्या भागाच्या खालून बोळात न्यावं लागतं. घर उभं राहिल्यावर त्या भागाची फरशी फोडायची म्हणजे काय, ते प्लंबरला विचारावं.

बैठ्या भागात कोण राहणार, हे उन्हाने आधीच सुचवलं आहे. म्हातारी माणसं जमिनीवर, दाराजवळ आणि एका मजल्याच्या घरात. आपल्याकडे उलटं होतं: तळमजल्यावर दिवाणखाना, तोही पाहुण्यांसाठी, आणि आजोबा वर, ‘गुडघे चालताहेत तोवर’. गुडघे किती वर्षं चालतात, याचा नकाशात विचार नसतो. दरवाजा ९०० मिलिमीटर मोकळा, न्हाणीघरात चाकाची खुर्ची फिरायला दीड मीटरचा वर्तुळाकार मोकळा भाग, उंबरठा नाही, कमोडशेजारी दांडी बसेल अशी भक्कम भिंत. ही मापं आज ठेवली तर खर्च नगण्य असतो, वीस वर्षांनी ठेवायची तर भिंत पाडावी लागते. रॅम्पचं गणित जास्त अवघड. रस्त्यावर डांबराचे थर चढत जातात आणि मागचे प्लॉट खड्ड्यात जातात, म्हणून जोतं दोन फूट तरी उचलावं लागतं. एकास बारा या चढाने दोन फुटांना २४ फूट लांबीचा रॅम्प लागतो. प्लॉटच्या आत तो बसत नाही, पण बोळाच्या कडेने बसतो: चार फूट रॅम्पला, चार फूट दुचाकीला आणि रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरला. अर्थात, बोळ स्वतःच्या मालकीचा असेल तरच. नुसता वहिवाटीचा हक्क असेल तर त्यावर काही बांधता येत नाही. वाटणीपत्रात बोळाची रुंदी आणि मालकी कशी लिहिली आहे, हे वास्तुविशारदाच्या आधी वकिलाकडून समजून घेण्यासारखं आहे. शेजाऱ्याच्या जुन्या खिडक्यांचंही तसंच: १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षं निर्वेध मिळालेल्या उजेडावर आणि वाऱ्यावर त्याचा हक्क तयार होऊ शकतो.

दुसरा आक्षेप पैशाचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दीड हजार चौरस फुटांत अडीचशे फूट आभाळाला देऊन टाकायचे? बोळातून ट्रक येत नाही, वाळू आणि खडी घमेल्यांनी वाहावी लागते, बांधकामाचा दर रस्त्यावरच्या प्लॉटपेक्षा आधीच जास्त पडतो. त्यात ही उधळपट्टी. पण हिशेब पूर्ण मांडावा. दक्षिणेचा भाग ४५० फुटांचा, उत्तरेचा साडेसहाशेचा आणि तो दुमजली, म्हणजे चौक सोडूनही साडेसतराशे फूट बांधकाम होतं. चौक भरून काढला तर त्यात आणखी दोन खोल्या येतील, पण त्या दोन्ही अंधाऱ्या असतील आणि शेजारच्या चार खोल्यांनाही अंधारात ढकलतील. ‘खोली’ म्हणून नकाशावर दाखवलेली आणि वर्षभरात अडगळीने भरलेली जागा फुकट गेलेल्या चौकापेक्षा महाग पडते. शिवाय चौकाला आणखी एक काम आहे. दहा फूट अंतरावरून सासूबाईंना नातवाचा अभ्यास दिसतो, पण सुनेचं फोनवरचं बोलणं ऐकू जात नाही. भिंत दोन्ही तोडते, एकच हॉल दोन्ही उघडं ठेवतो. दिसण्याचं अंतर आणि ऐकू येण्याचं अंतर वेगळं ठेवायला मोकळ्या जागेहून स्वस्त साधन मला तरी माहीत नाही.

दोन दारं म्हणजे काय, तेही सांगायला हवं. बोळातून आत आल्यावर एक दार थेट आजी-आजोबांच्या भागात आणि दुसरं कडेच्या चार फुटी वाटेने चौकाला वळसा घालून मागच्या घरात. रात्री उशिरा कामावरून येणाऱ्या मुलाला किंवा सुनेला वडिलांच्या पलंगावरून जावं लागू नये, आणि वडिलांकडे आलेल्या मित्रांनी सुनेच्या सुट्टीच्या सकाळी तिच्या स्वयंपाकघरातून जाऊ नये. मागचं मोठं स्वयंपाकघर सणावाराला सगळ्यांचं. पुढे छोटा ओटा, एक शेगडी, एक सिंक. दोन स्वयंपाकघरं दाखवली तर पालिका दोन सदनिका धरेल का, पाण्याची जोडणी आणि कर कसा पडेल, हे आधी विचारून घ्यावं. वास्तुशास्त्राने अग्नीची दिशा कोणतीही सांगितली तरी एक्झॉस्टचं तोंड आजोबांच्या खिडकीसमोर उघडू नये, एवढं मात्र पाळावं.

सगळ्यात जड आक्षेप मात्र घराच्या आराखड्याबाहेरचा आहे. तीन पिढ्यांचं घर म्हणजे व्यवहारात सुनेच्या अंगावर आलेली शुश्रूषा. दारं दोन ठेवा की चार, रात्री औषध द्यायला तीच उठणार. हे खरं आहे आणि कुठलाही नकाशा ते बदलत नाही. नकाशा एवढंच करू शकतो की मदत मागणं आणि मदत गृहीत धरणं यांत थोडी जागा ठेवतो. पुढच्या भागाला स्वतःचं दार असेल तर पगारी मदतनीस तिथे ये-जा करू शकते, मागचं घर न ओलांडता. मुलगा स्वतः पुढे झोपायला जाऊ शकतो. घर एकच असेल तर हे पर्याय सुचतही नाहीत. कायद्यातही आईवडिलांच्या आणि सुनेच्या हक्कांची टक्कर झालेली आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने आईवडिलांना निर्वाहाचं संरक्षण दिलं, २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सुनेला सामाईक घरात राहण्याचा हक्क दिला, आणि पहिल्याच्या आधारे दुसरा हक्क मोडता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२० मध्ये एका कर्नाटकातल्या प्रकरणात सांगावं लागलं. दोघांचेही हक्क खरे असतील आणि दार एकच असेल, तर भांडण न्यायाधिकरणात जाण्याला फार वेळ लागत नाही.

मुलीचं काय, हा प्रश्न तर नकाशात बहुधा येतच नाही. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांच्या बरोबरीचा वाटा दिला. २००५ पर्यंत हिंदू वारसा कायद्याचं कलम २३ असं होतं की राहत्या घराची वाटणी पुरुष वारसांनी मागितल्याशिवाय स्त्री वारसांना मागता येत नसे. ते त्याच वेळी वगळलं गेलं. अशा मागच्या प्लॉटवर उद्या तिचाही तेवढाच शब्द असणार आहे. अखंड ठोकळा बांधला तर तिचा वाटा देण्याचा मार्ग एकच उरतो, घर विकणं. दोन सुटे भाग असले तर पुढचा भाग तिच्या नावे होऊ शकतो, तो भाड्याने जाऊ शकतो, किंवा आज मागे राहणारं जोडपं पंचवीस वर्षांनी गुडघे दुखायला लागले की पुढे येऊन राहू शकतं. त्यासाठी वीज मीटर दोन, पाण्याची टाकी एक पण खाली येणाऱ्या लाइन दोन, सांडपाण्याचे चेंबर वेगळे आणि गच्चीवर जाणारा जिना कुणाच्याही खोलीतून न जाणारा, असं सुरुवातीलाच ठरावं. पंपाचं बिल, बोळाची डागडुजी आणि गच्चीचा वापर यांचं चार ओळींचं लेखी टिपण नकाशा मंजुरीला जाण्याआधी सगळ्यांनी, मुलीनेही, सही करून ठेवावं. तेव्हा सगळे खुशीत असतात आणि वकिलाची फीही कमी लागते.