गळा काढणाऱ्या बायका

सांत्वनाला गेलेल्या एका घरात शेजारी बसलेल्या बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, “आमच्यात असं गळा काढून नाही रडत.” गेलेल्या माणसाची बहीण तेव्हा आतल्या खोलीत सूर लावून रडत होती. भावाचे गुण, त्याचं शेवटचं आजारपण, कोण भेटायला आलं आणि कोण नाही, सगळं त्या हेलांमध्ये येत होतं. बाईंच्या वाक्यातलं ‘आमच्यात’ मला फार खुपलं. खरं दुःख मुकं असतं आणि ज्याला चाल लागली ते दिखाऊ, अशी एक शिकवण त्यामागे आहे. ती आपण इतकी पचवली आहे की तिच्यामागे काही कारण असेल, असंही वाटत नाही.

भाड्यानं रडणाऱ्या रुदालींविषयी महाश्वेता देवींच्या कथेमुळे आणि त्यावरच्या सिनेमामुळे पुष्कळांना माहीत आहे, म्हणून तिकडे जात नाही. मला आठवला तो इंग्रजीतला ‘कीन’ हा शब्द. उत्सुक किंवा धारदार या अर्थाचा नव्हे. त्याच्याशी याचं नातं नाही. हा आयर्लंडमधून आलेला. आयरिश भाषेत मृतासाठी केलेल्या विलापाला ‘कीना’ म्हणतात. एक बाई पुढे होऊन मृताला उद्देशून कडवं म्हणायची, बाकीच्या बायका त्यावर मोठ्यानं आक्रंदन करायच्या, मग पुढचं कडवं. या कडव्यांत स्तुती असे, घराण्याचा उल्लेख असे आणि तक्रारही असे. शब्द इंग्रजीत शिरला तेव्हा कडवी मागे राहिली, आक्रंदन तेवढं आलं. आज इंग्रजी कादंबरीत वारा ‘कीन’ करतो, जखमी जनावर करतं, व्हायोलिनही करतं. वाऱ्याला कुणाविरुद्ध काही म्हणायचं नसतं.

मला इथं हुंदका आणि विलाप यांत फरक करावासा वाटतो. हुंदका शरीराचा असतो. तो एकांतातही येतो, त्याला ऐकणारा लागत नाही. विलाप कुणाला तरी उद्देशून असतो. तो मेलेल्याला ‘तू’ म्हणतो आणि खोलीतल्या जिवंतांना ऐकवतो. विलाप, आलाप, संलाप, प्रलाप हे सगळे ‘लप्’ म्हणजे बोलणे याच धातूचे, हे उगीच नाही. राजा अजानं इंदुमतीसाठी केलेला विलाप कालिदासानं रघुवंशात रंगवला. त्याला कुणी दिखाऊ म्हणत नाही. गांधारी तर रणांगणावर एकेक प्रेत ओळखत, एकेकाचं नाव घेत शेवटी कृष्णाला शाप देऊन थांबते. तिचा शोक आणि तिचा आरोप वेगळे काढता येत नाहीत.

आयर्लंडमधल्या सर्वांत प्रसिद्ध विलापातही ते वेगळे काढता येत नाहीत. आर्ट ओ लीरी ऑस्ट्रियाच्या सैन्यातून कॅप्टन होऊन मायदेशी परतला. त्या काळच्या कायद्यानं कॅथलिक माणसाला पाच पौंडांहून जास्त किमतीचा घोडा बाळगता येत नसे. प्रॉटेस्टंटानं पाच पौंड पुढे केले की तो द्यावा लागे. मॉरिस नावाच्या अधिकाऱ्यानं आर्टचा घोडा त्या भावात मागितला. आर्टनं नकार दिला. ४ मे १७७३ रोजी कॉर्क परगण्यात सैनिकांनी त्याला गोळी घातली. त्याची बायको आयलीन डुव्ह हिचा विलाप सांगतो की, घोडा रिकामा, रक्तानं माखलेला घरी आला, ती त्याच्यावर झेपावली आणि दौडत गेली. नवरा झुडपाशी पडलेला, जवळ पाद्री नाही, फक्त एक म्हातारी. आयलीननं ओंजळीनं त्याचं रक्त प्यायलं. मग मॉरिसला नाव घेऊन शिव्याशाप. मध्येच नणंद टोमणा मारते, की नवऱ्याचं प्रेत घरात असताना ही झोपायला गेली. आयलीन तिथल्या तिथे उत्तर देते, की मी झोपायला नव्हते गेले, घाबरलेल्या पोरांना निजवायला गेले होते. हे भांडण विलापातच आहे. त्यानं विलाप डागाळत नाही. तेव्हाच तो एका घरातला, एका बाईचा होतो.

इथे माझं नाटककार जॉन मिलिंग्टन सिंग यांच्याशी पटत नाही. १८९८ पासून ते आयर्लंडच्या अरन बेटांवर जात राहिले, तिथली भाषा त्यांना येत होती, त्यांचं मन त्या लोकांत होतं. ऐंशी ओलांडलेल्या एका म्हातारीच्या दफनाच्या वेळी त्यांनी कीन ऐकला आणि लिहिलं, की ही एका बाईच्या मरणाबद्दलची वैयक्तिक तक्रार नाही. वारा आणि समुद्र यांच्याशी झगडणाऱ्या साऱ्या बेटाचा तो संताप आहे. वाचताना भारून जायला होतं. पण तिथल्याच दुसऱ्या एका दफनात त्यांनीच पाहिलेली एक गोष्ट आहे. खड्डा खणताना एक कवटी वर आली. एक वृद्धा उठली, ती कवटी घेऊन बाजूला जाऊन बसली, मांडीवर ठेवून आक्रोश करू लागली. ती तिच्या आईची कवटी होती. याहून वैयक्तिक काय असतं? समुद्रानं माणसं नेली तिथं दोष द्यायला माणूस नसतो, हे मला मान्य आहे. त्यांचं १९०४ चं ‘रायडर्स टू द सी’ त्याच खडकावर उभं आहे. पण शोकाला विश्वाएवढा मोठा केला, की त्यातून मॉरिस निसटतो, नणंद निसटते. मग वाऱ्याचा ‘कीन’ फार लांब राहत नाही.

याच बेटांच्या देशातली ‘बॅन्शी’ इंग्रजीत गेल्यावर तिचंही तेच झालं. जुन्या घराण्यांतल्या माणसाच्या मृत्यूआधी रडणारी ती परीलोकातली बाई. ती कुणासाठीही रडत नसे, तिची घराणी ठरलेली असत. पुढे अमेरिकी नौदलाच्या एका जेट विमानाला तिचं नाव मिळालं आणि ते कोरियाच्या युद्धात लढलं. घराणी गेली, किंकाळी उरली.

विलापाचे शत्रू मात्र त्यातला मजकूर ओळखून होते. प्लुटार्क सांगतो, की अथेन्समध्ये सोलोननं अंत्ययात्रेतल्या बायकांच्या ठरीव विलापांवर कायद्यानं बंधन घातलं. आयर्लंडमध्ये सतराव्या शतकापासून चर्चच्या परिषदा कीनचा निषेध करत आल्या, आणि त्यांचा रोख विशेषतः पैसे घेऊन रडणाऱ्या बायकांवर होता.

या बायकांना वगळूनच विलापाची बाजू मांडायची, असा माझा बेत होता. व्हिस्की, तंबाखू आणि चार नाणी घेऊन परक्याच्या घरी रडणं मला पचत नव्हतं. शेजारच्या बाईंचं म्हणणं निदान तिथं खरं, असं वाटत होतं. पण आयलीनचा विलाप आपल्यापर्यंत आला तो तिच्या कागदांतून नव्हे. तो तोंडोतोंडी टिकला, आणि त्याची मुख्य संहिता उतरवून घेतली गेली ती नोरा नी हिंडिले हिच्या तोंडून. ती कॉर्कमधल्या मिलस्ट्रीटकडची, कीन करणं हाच धंदा असलेली बाई. विधवेला दुसऱ्या दिवशी त्याच घरात, त्याच सासरच्या माणसांत राहायचं असतं; भाड्यानं आलेली बाई निघून जाते, म्हणून ती बोलू शकते. नोराला आयलीनइतकं दुःख झालं होतं का, हा प्रश्न आता मला गैरलागू वाटतो. खटल्यात मॉरिस निर्दोष सुटला होता. नोरानं त्याचं नाव गाळलं नाही, नणंदेचा टोमणाही गाळला नाही.