संध्याकाळच्या भुकेची सोय

वजन कमी करायचं ठरवलेल्या माणसाचा निश्चय सकाळी मोडत नाही. तो मोडतो संध्याकाळी साडेसहाला, दादरच्या किंवा ठाण्याच्या फलाटावर. जेवण झालेलं दुपारी दीडला, घरी पोचायला अजून तासभर, आणि समोर कढईतून निघणारा गरम वडा. अशा वेळी मनाच्या दुबळेपणाला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. पाच तासांनी लागलेली भूक ही शरीराची रास्त मागणी आहे.

म्हणून तिची सोय सकाळीच करावी. मूठभर फुटाणे, एखादा पेरू, चालत असेल तर उकडलेलं अंडं. फुटाण्यांत प्रथिनं असतात, चोथाही असतो; पोट बराच वेळ शांत राहतं आणि रात्रीची भाकरी आपोआप बेताची जाते. घरचं अन्न कामाच्या जागी पोचावं म्हणून मुंबईत 1890च्या सुमारास डबेवाल्यांची सेवा सुरू झाली. आपल्याला त्या डब्याशेजारी एक छोटी डबी ठेवायची आहे, इतकंच.

जेवण चुकवून मात्र वजन उतरवू नका. मधुमेहाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. आज घरातून निघण्यापूर्वी फुटाण्यांची डबी तेवढी आठवणीनं भरून घ्या.